चार नंबरची प्रेक्षक

“बाबा, आपला टीव्ही बंद कसा करतात?”

हा प्रश्न माझा नव्हता. सुमय्या मुलाणी आणि प्रणोती या माझ्या दोन मैत्रिणींनी तो आमच्या जिन्यात बसून तयार केला होता. “तुझ्यात विचारायची हिंमत नाही,” असं सुमय्या म्हणाली आणि मला तेवढं पुरतं. आता दोघी आमच्या दिवाणाच्या काठावर इतक्या साळसूद चेहऱ्याने बसल्या होत्या, की सत्यनारायणाच्या प्रसादालाच आल्यात असं वाटावं.

बाबांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. “म्हणजे?”

“म्हणजे त्याचं बटण कुठंय? दीड वर्ष झालं, मी तो बंद झालेला बघितला नाही.”

“लाइट गेली की बघ.”

प्रणोतीला ठसका लागला. आई स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आली आणि जाताना माझ्याकडे असं बघून गेली, की पुढचा अर्धा तास मी नीट वागायला हवं होतं. मी वागले नाही.

तेव्हा मी आठवीत होते. आता दहावीत आहे, आणि त्या वेळची देवयानी म्हेत्रे मला जरा आगाऊ वाटते. जराच. सहावीपर्यंत मी वर्गात हजेरीलासुद्धा कुजबुजल्यासारखं ‘हजर’ म्हणायचे. मग खो-खोच्या शेवाळे बाईंनी मला मैदानावर ओढलं, खांबाजवळ सूर मारायला शिकवलं, आणि गुडघ्यांबरोबर माझी लाजही खरवडून निघाली. आठवीच्या दिवाळीनंतर आमचा संघ विभागीय स्पर्धेला निवडला गेला. कोल्हापूर, तीन दिवस, दोन रात्री मुक्काम. संघात बारा मुली. अकरा जणींची संमतीपत्रं जमा झाली होती. बारावं माझ्या दप्तरात पालकाच्या सहीची वाट बघत होतं. गुरुवारी प्रार्थनेच्या आत ते बाईंच्या हातात पडलं नाही, तर माझ्या जागी राखीव मुलगी जाणार होती. आज मंगळवार होता. सुमय्या आणि प्रणोती त्यासाठीच आल्या होत्या. मैत्रिणींसमोर बाबा नाही म्हणणार नाहीत, असा आमचा हिशोब होता.

“काका,” सुमय्या म्हणाली, “माझ्या अब्बूंनी सही दिली. आणि अब्बू तर मला कोपऱ्यावरच्या दुकानात पण एकटीला सोडत नाहीत.”

“छान,” बाबा म्हणाले. “ब्रेक लागू दे, मग बोलू.”

ब्रेक लागला. साबण, टूथपेस्ट, बनियन. बाबांनी आमच्याकडे तोंड फिरवलं.

“राहायची सोय कुठं?”

“शाळेतच काका, वर्गखोलीत. बाई आमच्याबरोबर झोपणार.”

“कडी आतून आहे का बाहेरून?”

सुमय्याने प्रणोतीकडे बघितलं. “वर्गाला असते तशी कडी, काका.”

“दोन आठवड्यांपूर्वी एका क्रीडाशिक्षकाचा भाग दाखवला. असाच मुक्काम होता. असाच वर्ग.”

“बाबा, आमच्या शेवाळे बाई आहेत. बाई.”

“त्या भागातही शेवटी त्याची बायकोच सामील निघाली,” बाबा म्हणाले. तेवढ्यात संगीत वाजलं आणि त्यांचं तोंड परत टीव्हीकडे गेलं.

कार्यक्रमाचं नाव होतं ‘दार उघडण्यापूर्वी’. रोज साडेसातला. एक काळा कोट घातलेला माणूस यायचा, एका गुन्ह्याची गोष्ट सांगायचा आणि शेवटी कॅमेऱ्यात बोट रोखून विचारायचा, “पुढचा नंबर तुमचा तर नाही?” त्या माणसामुळे आमच्या घराला तीन कड्या होत्या. इस्त्रीवाल्याचा भाग झाला आणि दहा वर्षं कपडे नेणारा नंदू बंद झाला. गणिताच्या क्लासच्या सरांचा भाग झाला आणि माझा क्लास सुटला. त्या माणसाचे मी आभारच मानले होते. गॅसची टाकी आणणाऱ्याचा भाग झाल्यापासून टाकी दाराबाहेर ठेवायची आणि ती आईने ढकलत आत आणायची. “खून परवडला,” आई प्रत्येक वेळी म्हणायची.

साडेआठ वाजता बाबा मैत्रिणींना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले, हातात बॅटरी घेऊन. रस्त्यावर दिवे होते. प्रणोतीने नंतर सांगितलं, की ते सगळा रस्ता मागे वळून बघत होते आणि त्यामुळे तिला आयुष्यात पहिल्यांदा आमच्या विटा गावाची भीती वाटली.

टीव्ही बंद का होत नाही, हे मी त्या दोघींना सांगू शकत नव्हते. ते गुपित होतं. दीड वर्षापूर्वी एका कंपनीची माणसं येऊन आमच्या टीव्हीवर एक छोटी डबी बसवून गेली होती. लोक काय बघतात हे मोजायची डबी. कोणाला सांगायचं नाही, असं बाबांकडून लिहून घेतलं होतं. प्रत्येकाला एक बटण. एक नंबर आजोबांचा, म्हणजे अण्णांचा. दोन बाबा, तीन आई, चार मी. खोलीत आलं की आपलं बटण दाबायचं, मग डबीवर आपल्या नंबराचा हिरवा दिवा लागतो. उठलं की परत दाबायचं, दिवा जातो. लघवीला जातानासुद्धा हजेरी काढून जायचं.

बसवणारा माणूस जाता जाता बाबांना म्हणाला होता, की तुमचं एक घर म्हणजे हजारो घरं. त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं, आपण कोणाशी बोलतोय. आमचे बाबा एसटी स्टँडवर कंट्रोलर. दिवसाला दीडशे गाड्यांच्या वेळा माइकवरून सांगणारा माणूस. त्यांनी ते मनाला लावून घेतलं. आईने एकदा दुपारी टीव्ही बंद केला तर म्हणाले, “एक फेरी रद्द केली की किती लोक खोळंबतात, तुला कल्पना आहे का?”

“कोण खोळंबलंय?” आईने विचारलं.

“हजारो घरं.”

“त्यांना म्हणावं, डाळ निवडायला या.”

अण्णा चैत्रात वारले. झोपेतच, शांतपणे. पण डबीवरचा एक नंबरचा दिवा संध्याकाळी लागतच राहिला. मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, “बिघडलाय तो. कळवलंय मी.” मी सोडून दिलं. मग दिवाळीपासून ‘दार उघडण्यापूर्वी’ अर्ध्या तासाचा एक तासाचा झाला. “खास ज्येष्ठ प्रेक्षकांच्या आग्रहास्तव,” काळा कोट म्हणाला. तेव्हाही मला काही कळलं नाही. आठवीत माणूस तसा मठ्ठच असतो.

बुधवार उजाडला. सकाळी बाबा पहाटेच ड्यूटीवर गेलेले. शाळेत शेवाळे बाईंनी मैदानावरच विचारलं, “म्हेत्रे, फॉर्म?”

“उद्या नक्की, बाई.”

“राखीव मुलीला मी बॅग भरायला सांगितलीय. तुझी इच्छा असेल तर तिची बॅग रिकामी कर.”

लग्नसराईची गर्दी होती. स्टँडवर जादा गाड्या सोडल्या होत्या, त्यामुळे साडेसात वाजत आले तरी बाबांचा पत्ता नव्हता. आई पलीकडच्या खोलीत ब्लाउज शिवत होती. मी टीव्हीसमोर बसले, चार नंबर दाबला आणि संमतीपत्र मांडीवर घेऊन काळ्या कोटाची वाट बघू लागले. ब्रेकमध्ये काय बोलायचं ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहून पाठ केलं होतं. ब्रेक अडीच मिनिटांचा असतो, माझं भाषण दोन मिनिटांत बसवलं होतं.

आणि मग मला दिसलं. डबीवर एकच दिवा होता. माझा. एक नंबर बंद.

‘बिघडलेला’ दिवा आज बिघडला नव्हता.

मी उठून एक नंबर दाबला. लागला. परत दाबला. गेला. ठणठणीत होता.

जिन्यात चपला वाजल्या. मी तिन्ही कड्या काढल्या आणि, का कोण जाणे, आईच्या खोलीच्या पडद्यामागे गेले. बाबा आले. तीन कड्या लावल्या, हातपाय धुतले, नॅपकिनने हात नीट कोरडे केले, देवासमोर उभं राहताना करतात तसे. मग टीव्हीजवळ जाऊन त्यांनी आधी एक नंबर दाबला. मग दोन. मग लगेच न बसता अण्णांच्या खुर्चीवरची उशी जरा सरळ केली, आणि शेजारच्या आपल्या खुर्चीवर बसले.

मी आईकडे वळले. मशीन थांबलं होतं.

“तुला माहीत होतं?” मी पुटपुटले.

“तेराव्यापासून,” आई म्हणाली. “जा, बस जाऊन. सुरू झालं.”

मी जाऊन बसले. फॉर्म मांडीवर. पाठ केलेलं भाषण डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं.

काळा कोट आला. “तुम्ही रोज बसने जाता,” तो म्हणाला. “एक आवाज तुम्हाला सांगतो, गाडी कोणत्या फलाटावर लागेल. तुम्ही त्या आवाजावर विश्वास ठेवता. पण तो आवाज कोणाचा आहे, हे कधी पाहिलंत?”

बाबा खुर्चीत सरळ झाले.

पडद्यावर एक स्टँड. एक खोली. आत एक टक्कल पडलेला कंट्रोलर, हातात माइक, आणि डोळे असे, की कोणीही त्याच्याकडून चहासुद्धा घेणार नाही. तो एकट्या बाईला चुकीचा फलाट सांगतो. ती स्टँडच्या मागच्या अंधाऱ्या बाजूला जाते. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

“हे साफ खोटं आहे,” बाबा म्हणाले.

हे वाक्य आमच्या घरात त्या कार्यक्रमाबद्दल पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

“खोटं कसं? दाखवतायत ना,” मी म्हणाले.

“अगं, संध्याकाळी सहा वाजता कंट्रोलर एकटा? साठ माणसं खिडकीला चिकटलेली असतात. एकाला सांगली पाहिजे, एकाचं पोर हरवलेलं, एकाला सुट्टे पाहिजेत. पाणी प्यायला वेळ मिळत नाही, खून कधी करायचा?”

“मग नंदूला वेळ होता?”

“कोण नंदू?”

“इस्त्रीवाला. त्याच्याकडे तर रोज तीनशे कपडे असायचे.”

बाबांनी तोंड टीव्हीकडे फिरवलं. पडद्यावरचा कंट्रोलर आता रजिस्टरमध्ये खाडाखोड करत होता. “असं रजिस्टर तरी असतं का?” बाबा पुटपुटले. “शिक्का कुठंय त्यावर?”

ब्रेक लागला आणि फोन वाजला. पुण्याची आत्या. आत्याचा आवाज असा, की फोन कानाला लावणाऱ्यापेक्षा शेजारच्याला जास्त ऐकू येतो.

“दादा, बघतोयस का?”

“बघतोय. काय मूर्खपणा लावलाय.”

“होय ना रे, अंगावर काटा आला माझ्या.” मग तिचा आवाज जरा खाली आला. “दादा, तुला रात्रपाळी असते का रे कधी?”

“असते महिन्यातून आठवडाभर.”

“मग तेव्हा तुझ्याबरोबर कोण असतं?”

बाबांनी फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे बघितलं. ही त्यांची सख्खी धाकटी बहीण. हिच्या लग्नात त्यांनी चार दिवस चूल सांभाळली होती.

“सुमन,” ते म्हणाले, “तू मला ओळखतेस ना?”

“अरे ओळखते म्हणजे काय. सहज विचारलं. माणसाचं काही सांगता येत नाही, असं तेच म्हणतात ना शेवटी.”

बाबांनी फोन ठेवला. आई दारात येऊन उभी होती, गळ्यात मापाची टेप. ती हसू दाबत होती आणि तिला ते जमत नव्हतं.

“यात हसण्यासारखं काय आहे?” बाबा म्हणाले.

“काही नाही. दार आतून लावू का बाहेरून?”

मीही हसले. मग बाबांचा चेहरा बघून थांबले. त्यांना खरंच लागलं होतं. पंचवीस वर्षं ज्या खोलीत ते घसा कोरडा करत होते, त्या खोलीत काळ्या कोटाने प्रेत ठेवलं होतं.

“बाबा, तुमच्याबद्दल खोटं दाखवलं तर तुम्हाला लगेच कळलं. मग क्रीडाशिक्षकाचं कशावरून खरं? तुम्ही एकदा तरी शेवाळे बाईंना बघितलंय का? चल म्हटलं की आमच्या शाळेचा शिपाईसुद्धा पळतो.”

“वेगळं आहे ते.”

“काय वेगळं?”

“मुलगी आहेस तू माझी.”

“ती स्टँडवरची बाई पण कोणाची तरी होती. तशा बायकांना तुम्ही रोज गाडीत बसवता. दीडशे गाड्या सोडता रोज. त्यातली एक माझ्यासाठी सोडत नाही.”

“देवयानी.”

इथे मी थांबायला हवं होतं. पण नवीन नवीन धीट झालेल्या माणसाला ब्रेक कुठे असतो. मी डबीकडे बोट केलं.

“आणि हा कार्यक्रम अर्ध्या तासाचा एक तास कोणामुळे झाला माहीत आहे? ज्येष्ठ प्रेक्षकांच्या आग्रहामुळे. आमचे ज्येष्ठ प्रेक्षक चैत्रात वारले. आठ महिने मेलेला माणूस रोज साडेसातला टीव्ही बघतोय आणि मी कोल्हापूरला जाऊ शकत नाही.”

टीव्हीवर बनियनची जाहिरात चालू होती. आईने येऊन आवाज बंद केला. नुसता आवाज, टीव्ही नाही. तेवढंही आमच्या घरात नवीन होतं. गल्लीत कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ते ऐकू आलं. आमच्या घरातून गल्ली ऐकू येते, हे मला माहीतच नव्हतं.

“बिघडला नव्हता ना तो?” मी हळू विचारलं.

बाबांनी बराच वेळ डबीकडे बघितलं.

“अण्णा गाडीवर होते तेव्हा महिन्यातले वीस दिवस बाहेर,” ते म्हणाले. “मी नोकरीला लागलो तेव्हा मी फलाटावर, ते गाडीवर. माइकवरून मी म्हणायचो, विटा-पंढरपूर चालक म्हेत्रे. तेवढंच बोलणं. रिटायर झाले, तर बोलायचं काय हे दोघांनाही माहीत नाही. मग हे सुरू झालं. ब्रेक लागला की विचारायचे, ‘कोण असंल रं?’ मी सांगायचो. कधी दिवाणजी, कधी मेव्हणा. चुकलं की हसायचे. ‘तुला माणसं वळखता येत न्हाईत,’ म्हणायचे.”

पडद्यावर काळा कोट परत आला होता, आवाजाविना तोंड हलवत. आवाज नसला की तो मासा वाटत होता.

“बटण दाबलं की दिवा लागतो,” बाबा म्हणाले. “बास, एवढंच आहे ते.”

माझं दोन मिनिटांचं भाषण यासाठी नव्हतं.

आईने टेप गळ्यातून काढून खुंटीला अडकवली. “फॉर्म आण,” ती मला म्हणाली.

“तू काय करणार?” बाबांनी विचारलं.

“सही.”

“मी अजून हो म्हटलेलं नाही.”

आईने फॉर्म दिव्याच्या उजेडात धरला. “इथं लिहिलंय, पालकाची सही. कंट्रोलरची असं कुठं लिहिलेलं नाही.” तिने माझ्या कंपासमधलं पेन घेतलं, मशीनच्या पाटावर फॉर्म ठेवला आणि सही केली. आईची सही मी त्याआधी फक्त रेशनच्या पावतीवर बघितली होती. ती इतकी ठसठशीत असते, हे लक्षात आलं नव्हतं.

“तुम्ही दोघींनी ठरवलंच होतं, तर मला कशाला विचारलं?” बाबा म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. ते अण्णांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते, ‘कोण असंल रं?’ असं कोणीतरी विचारेल म्हणून वाट बघितल्यासारखे.

“तुम्हाला शेवटपर्यंत विचारणार होतेच,” मी म्हणाले. “पण तुम्ही फक्त ब्रेकमध्ये भेटता.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ब्रेक नव्हता, कार्यक्रम चालू होता, आणि ते माझ्याकडे बघत होते. पडद्यावर टकल्या कंट्रोलरला बेड्या पडत होत्या. खुनी सापडला होता आणि आमच्या घरात त्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

“रात्री फोन करशील?” शेवटी त्यांनी विचारलं.

“बाई साडेआठला सगळ्यांना करू देतात.”

“साडेआठला,” त्यांनी पुन्हा म्हटलं, गाडीची वेळ लक्षात ठेवावी तसं.

मी टीव्हीजवळ गेले. चार दिवे असायला हवे होते. आईने तिचं बटण आल्यापासून दाबलंच नव्हतं, म्हणून तीन होते. एक, दोन आणि चार. हात एकच्या बटणाजवळ गेला. बाबांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. मी हात सरकवला आणि चार नंबर दाबला. माझा दिवा गेला.

“बाबा, आई, मी ठरवलंय,” मी म्हणाले. “मी यापुढे टीव्ही बघणार नाही. परवा पहाटेच्या गाडीने कोल्हापूरला चाललेय, आणि तिथून आल्यावरही या डबीत माझी हजेरी लावायची नाही. कंपनीला कळवा, चार नंबरची प्रेक्षक गेली. एक नंबरचं मात्र तुम्ही सांगायचं, बाबा. तुम्हाला सांगावंसं वाटेल तेव्हा. ते मी सांगणार नाही.”